बिनसांगाड्याचं जीन: तंग आणि रिकिबीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

घोडीचं जीन, म्हणजे पाठीवरचं खोगीर, आलं. पुण्यातल्या एका ओळखीच्यांच्या माळ्यावर पडून होतं, एसटीच्या पार्सलने मागवलं. स्टँडवरून घरी आणेपर्यंत लेकीने रिक्षातच पोत्याची शिवण उसवली.

आत लाकूड नाही, फायबर नाही, पत्रा नाही, म्हणजे टणक सांगाडाच नाही. जाड कातड्याचा तळ, त्यावर फोम, वर बसायची गादी आणि पुढे-मागे उशीसारखे दोन उंचवटे. दोन्ही हातांनी धरलं तर मधोमध दुमडतं. काट्यावर ५ किलो ४०० ग्रॅम. अंग चांगलं आहे, पट्टे मात्र गेलेले. तंगाची, म्हणजे जीन पोटाखालून आवळायच्या पट्ट्याची, एक पट्टी जराशी वाकवली तर पापडासारखी मोडली. सगळे पट्टे कापून टाकले. म्हणजे आता नुसती गादी हातात आहे, आणि ती घोडीच्या पाठीवर बांधायची कशी आणि पाय कुठे लटकवायचे हे दोन्ही मला ठरवायचंय.

सांगाड्याचं जीन का नको, तेही लिहून ठेवतो. घोडी वरातीची होती. आधीच्या मालकाकडचं मखमलीचं, आरसे लावलेलं जीन दिसायला झकास, खालून दगड. पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे पांढऱ्या केसांचे डाग आहेत. कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगावर ते लांबूनही दिसतात. दाबाने मुळं दुखावली की केस असे पांढरे उगवतात. पाठ पिंपासारखी गोल, खांद्यावरचा उंचवटा नावालाच. सांगाड्याची दोन जिनं उसनी आणून पाहिली. एक अरुंद होतं, ते वर तरंगत राहिलं. दुसरं फक्त पुढे आणि मागे टेकत होतं, मधे हात जाईल एवढी पोकळी.

आपल्याकडे खोगीर म्हणजे मुळात हेच की. आत लोकर, गवत, चिंध्या भरलेली गादी. खोगीरभरती हा शब्द आपण फालतू भरणीला वापरतो, पण ज्याच्या घोड्याची पाठ सोलली आहे त्याला त्या भरतीची किंमत विचारावी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कामावरून थेट नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला गेलो. घोडी तिथे एका मळ्यात ठेवली आहे. मापं घेतली. उंची ५३ इंच. छातीचा घेर १५२ सें.मी., खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत १४२. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. वजन साधारण २७६ किलो निघालं. स्वार आणि सामान मिळून याच्या २० टक्क्यांच्या आत राहावं असा संकेत आहे, म्हणजे ५५ किलो. लेक ४७ किलो. जीन, त्याखाली अंथरायची गादी म्हणजे नमदा, पाय ठेवायच्या रिकिबी, सगळं मिळून आठच्या पुढे जाता कामा नये. मला स्वतःला बसायची परवानगी नाही हे या हिशेबाने कायमचं ठरलं. आमच्या घरात ही बातमी आनंदाने ऐकली गेली.

मळ्यावरचे आबा धनगर घरातले. लहानपणी लादणीची तट्टं हाकलेली. मी टेपने मोजतोय आणि ते नुसते बघतायत. शेवटी म्हणाले, "दादा, तंग कुठं बसतो ते घोडीलाच विचारा की." आणि सुतळी घेऊन पोटाखालून नुसती सैल बांधली, घोडीला शंभर पावलं फिरवलं. सुतळी सरकत सरकत पुढच्या कोपराच्या मागे दोन बोटांवर जाऊन थांबली. छातीचा सगळ्यात अरुंद भाग तो. काही घोड्यांत हा खळगा चार-पाच बोटं मागे असतो. आमच्या घोडीचा अगदी कोपराला चिकटून आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुतळीचा तो खळगा डोक्यातून जात नव्हता, म्हणून आज दोरीवर प्रयोग. पक्के पट्टे शिवायच्या आधी सगळं दोरीने बांधून बघायचं, असं ठरवलंय.

पहिला प्रयोग: दोन्ही बाजूंना एकेकच पट्टी, जिनाच्या बरोबर मधून सरळ खाली. दिसायला सगळ्यात नीट. लेक बसली, वीस मिनिटं चाल आणि दुडकी. जीन चार बोटं पुढे, खांद्यावर. कारण सुतळीने आधीच सांगितलं होतं. तंग खळग्यात जाणार म्हणजे जाणारच, आणि पट्टी सरळ उभी होईपर्यंत जिनाला बरोबर ओढत नेणार. सांगाड्याच्या जिनाला पुढे निदान टणक टोकं असतात, खांद्याच्या मागे ती काहीशी अडतात. इथे अडायला काहीच नाही.

दुसरा प्रयोग: पट्टी पुढच्या उंचवट्याखालून, बरोबर खळग्याच्या वर. आता सरकणं थांबलं. पण मागचं टोक मोकळं सुटलं, दुडकीत टपाटप उडत होतं. शिवाय सगळा ताण एकाच रेषेत आल्यामुळे मऊ तळ त्या जागी मुडपला. बोट घालून पाहिलं तर पट्टीखाली कडक वळी, तिच्या मागे काहीच दाब नाही.

घोडं पेंड खातंय ते इथंच. सांगाडा काढला म्हणून त्याचं काम संपत नाही. ओढ पसरवणं, वजन पसरवणं, जागा धरून ठेवणं ही कामं कुणीतरी करायलाच हवीत, आणि आता उरलेत फक्त पट्टे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन बोटाला शाई घेऊनच मळ्यावर.

आज इंग्रजी व्हीसारखी मांडणी. प्रत्येक बाजूला दोन पट्ट्या. एक पुढच्या उंचवट्याखालून जवळजवळ सरळ खाली, दुसरी तिच्या २२ सें.मी. मागून तिरकी पुढे. दोन्ही खाली एका कडीत, आणि कडीला तंग. तळाची लांबी ४८ सें.मी. आहे, म्हणजे मागची पट्टी जिनाच्या मधल्या भागाच्या थोडी मागे पडते. ती मागचं टोक दाबून धरते, पुढची तंगाला खळग्यात ठेवते.

कडी पट्ट्यांवर मोकळी सरकणारी ठेवावी की पक्की, यावर बराच वेळ गेला. मोकळी ठेवली तर दोन्हीकडचा ताण आपोआप सारखा होतो, ऐकायला छान. पण आमच्या घोडीला सारखा ताण नकोच आहे. सारखा झाला की मागची पट्टी कडीला मागे खेचते, तंग खळग्यातून वर चढतो, मग घोडी चालली की परत पुढे, परत मागे. घासून केस जायचे. म्हणून पुढची पट्टी पक्की, मागची बक्कलने कमीजास्त होणारी.

सामान मोजायचा हुकाचा काटा होता, तो मधे अडकवून पाहिलं. पुढच्या पट्टीत ९ किलोचा ताण आणि मागच्या पट्टीत ४ किलोचा असताना जीन सगळ्यात शांत बसलं. मागची ७ वर नेली तर कडी तिरकी झाली आणि घोडीने कान मागे टाकले. खडूने खुणा केल्या. आबा म्हणाले, त्यांच्याकडे लादणीला दोन तंग आणि दुमची, म्हणजे जीन पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घ्यायचा पट्टा, असायची, एका पट्ट्यावर कुणी विसंबत नसे. हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीत, असं विचारलं. "तुम्ही मोजत होता," म्हणाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

भद्रकालीतल्या चामड्याच्या कारागिरांकडे. काका जुने. टांग्यांचा साज शिवलेला, आता बॅगा आणि पट्टे शिवतात. मी नायलॉनची पट्टी नेली होती, त्यांनी ती नखाने खरवडली आणि बाजूला ठेवली.

वाद असा: कातडं ताणतं, नायलॉनही ताणतं, आणि भिजलं की जास्तच. पॉलिएस्टर कमी ताणतं, पण नुसत्या विणलेल्या पट्टीला भोकं पाडून बक्कल लावलं की धागे सुटत जातात, आणि पट्टीची कड घोडीच्या अंगाला कापते. काकांचं म्हणणं, कातडंच घ्या, फक्त कुठलं कातडं ते बघा. त्यांनी टेबलावर म्हशीचं अख्खं कातडं पसरलं आणि बोटाने दाखवलं. कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग घट्ट, कमी ताणणारा. पोटाकडचा सैल. तंगाची वादी पोटाकडून कापणारा माणूस एकतर अडाणी किंवा लबाड, हे त्यांचे शब्द.

शेवटी मधला मार्ग निघाला. तंगाच्या चारही पट्ट्या ३ सें.मी. रुंद, कण्याजवळच्या कातड्याच्या, ४ मि.मी. जाड, आणि पोटात पॉलिएस्टरची पट्टी शिवलेली. कातडं भोकं आणि घासणं सांभाळेल, पॉलिएस्टर लांबी धरून ठेवेल. भोकांमधलं अंतर २ सें.मी. बाजारात मिळतात त्यांत ते जास्त असतं. मग एका भोकावर सैल, पुढच्यावर कच्च. तंग हा शब्दच असा आहे की बांधणाऱ्याचा हात आवळण्याकडेच जातो.

कड्या आणि बक्कलं स्टेनलेस स्टीलची. पितळी सुंदर दिसतात, पण काकांकडची पितळी कडी ओतीव होती आणि एका ठिकाणी बारीक भोक दिसलं. आयुष्य टूलरूममध्ये गेलंय, ओतकामातलं भोक दिसलं की हात मागे येतो.

१ डिसेंबर, रविवार

रिकिबी. तंगापेक्षा हे अवघड निघालं.

जिनावर दोन्ही बाजूंना रिकिबीसाठी मूळच्या छोट्या कड्या शिवलेल्या होत्या. त्यांनाच तात्पुरते पट्टे लावले. लेकीला म्हटलं रिकिबीत उभी राहा, आणि मी नमद्याखाली, कडीच्या बरोबर खाली हात घातला. बोटं चेंगरली. अक्षरशः. ती बसली की दाब गायब, उभी राहिली की परत. दुडकीत ती दर दुसऱ्या पावलाला उठते. म्हणजे घोडीला दर दुसऱ्या पावलाला तिथे अंगठ्याएवढ्या जागेत ठोसा. पांढरे डाग अजून दोन वाढले असते, आणि तेही आम्ही प्रेमाने केलेले.

सांगाड्याच्या जिनात रिकीब लाकडात किंवा पोलादात अडकलेली असते. पायावरचं वजन आधी सांगाड्यात जातं, तिथून लांबरुंद पाठीवर पसरतं. सांचीच्या शिल्पांत, इसवी सनाच्या आधीच्या, स्वाराच्या पायाचा फक्त अंगठा अडकेल अशी दोरी दिसते. अंगठ्यावर कुणी उभं राहत नाही. मऊ गादीवर तेवढी रिकीब चालून जात असणार. अख्खा पाऊल टेकवून उभं राहायचं म्हटलं की खालचा सांगाडा आठवतो.

आता उपाय. रिकिबीचं वजन कड्यांवर द्यायचंच नाही. साडेसात सें.मी. रुंद पॉलिएस्टरचा पट्टा जिनाच्या तळावरून, गादीच्या खालून आडवा टाकायचा, एका बाजूच्या रिकिबीपासून दुसऱ्या बाजूच्या रिकिबीपर्यंत सलग. त्याच्याखाली कातड्याचा २० सें.मी. लांब, कडक तुकडा दोन्ही बाजूंना, पण कण्यावर नाही. आणि सगळ्यांत खाली नमदा, अडीच सें.मी. जाडीच्या दोन लांब गाद्यांचा, मधे ६ सें.मी. मोकळी नाळी. कण्यावर काहीही टेकता कामा नये. सलग पट्टा कण्यावरून जातो खरा, पण नाळीमुळे वर अधांतरी राहतो.

दुपारी दोरी आणि पुठ्ठ्याने तात्पुरतं बांधलं, परत हात घातला. आता दाब तळहातभर पसरलेला. आहे, पण बोटं शाबूत.

८ डिसेंबर, रविवार

रिकीब पुढे-मागे कुठे? मी मूळ कड्यांच्या रेषेत ठेवली होती. लेकीचा बाजूने फोटो काढला तर ती खुर्चीत बसल्यासारखी. पाय पुढे, पाठ मागे, उठायचं झालं की लगाम ओढून उठतेय. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत हवी. टाच ओळंब्याच्या दोरीपुढे चांगली वीतभर होती.

४ सें.मी. मागे घेतली. लगेच मांड सुधारली. मग हाव सुटून आणखी ३ मागे घेतली, तर ती पुढे कलंडायला लागली आणि रिकिबीचा पट्टा तंगाच्या मागच्या पट्टीवर चढला. तिथे मांडीखाली दोन बक्कलांचा गोळा. परत ४ वर आलो. रिकिबीचं बक्कल आता वर मांडीजवळ नाही, खाली रिकिबीजवळ, पिंडरीच्या बाजूला वळवलं. मऊ जिनात मांडीखाली आलेली प्रत्येक गाठ स्वाराला आणि घोडीला दोघींनाही कळते.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती. सारंगखेड्याची जत्रा सुरू झाली, म्हणून पहाटे निघून तापीकाठी. घोडा घ्यायचा नाही, फक्त साज बघायचा, असं घरी शपथेवर सांगून गेलो. मारवाडी आणि काठेवाडी घोडे, कानांची टोकं आत वळून एकमेकांना लागलेली, नाचवणारे त्यांना ढोलावर नाचवतायत. लेक तिथेच हरवली.

साजाच्या दुकानांत नव्वद टक्के माल वरातीचा आणि नाचाचा: घुंगरं, आरसे, गोंडे. पण एका कोपऱ्यात सुती दोऱ्यांचा तंग मिळाला. शेजारी शेजारी बारा पदर, मधे तीन ठिकाणी आडवी विण. शेजारीच निओप्रीनचाही होता. दोन्ही हातात घेतले. निओप्रीन पकड चांगली धरतं, पाण्याखाली धरलं की साफ, पण घाम आत कोंडतो, आणि नाशिकचा एप्रिल डोळ्यांसमोर आला. सुती तंगातून हवा खेळते, पदर वेगवेगळे हलतात, त्यामुळे खळग्याच्या आकारात बसतो. खोट एकच, पावसाळ्यानंतर आमच्याकडे गवताची कुसळं अशी माजतात की दर वेळी वेचून काढावी लागणार. सुती घेतला. वेचण्याचं काम लेकीचं.

२२ डिसेंबर, रविवार

तंगाची लांबी. दुकानातून आणलेला ७६ सें.मी., मोठा निघाला. हिशेब मांडला: घेर १५२. जिनावर पट्ट्या जिथे शिवल्या आहेत ती जागा कण्यापासून दोन्हीकडे २८, म्हणजे ५६ गेले. उरले ९६. पट्ट्या आणि कडी मिळून दोन्हीकडे १५ धरले तर तंग ६६ चा हवा. त्याहून लांब घेतला तर बक्कल वर जिनापाशी येऊन स्वाराच्या पायाला लागतं आणि आवळायला जागा उरत नाही. फार आखूड घेतला तर बक्कल बरोबर कोपरामागे, आणि तंगाचा सगळ्यात जास्त दाब नेमका तिथेच असतो. माझी समजूत होती की तो छातीच्या खाली, मधल्या हाडावर पडत असेल. पण हाडावर तंग सपाट बसतो, कोपरामागे मात्र प्रत्येक पावलाला पाय मागे येऊन त्यात घुसतो.

काकांनी पदर न कापता शेवटची कातडी टोकं उसवून आत घेतली. ६७ झाला. चालेल.

या तंगाला एकाच बाजूला इलॅस्टिक होतं. ते काढलं. एका बाजूला लवचीक आणि दुसरीकडे ताठ असलं की मऊ जीन हळूहळू ताठ बाजूला ओढलं जातं. दोन्हीकडे लावा नाहीतर कुठेच नको.

२९ डिसेंबर, रविवार

पडली.

चूक माझी. सगळं दोरीवरचं काढून कच्च्या शिवणीवर आणलं होतं, म्हटलं आज पक्कं बघू. लेक जमिनीवरून चढायला गेली. डावा पाय रिकिबीत, सगळं वजन एका बाजूला, आणि गोल पाठीवरून जीन तिच्यासकट फिरून पोटाच्या बाजूला आलं. ती टोमॅटोच्या सरीत आडवी. पाय रिकिबीत एक क्षण अडकला. घोडी उभी राहिली. वरातीत फटाके ऐकलेली आहे म्हणून. दुसरी एखादी चौखूर उधळली असती तर, हे लिहायचंही नाही.

लागलं नाही, कोपर खरचटलं. पण संध्याकाळी बसून सगळं परत तपासलं.

एक. पुष्कळ इंग्रजी जिनांत रिकीब ज्या दांडीवर अडकते तिथून मागे खेचली की सुटू शकते. माझ्या सलग पट्ट्यात सुटायला काही नाही. म्हणजे सुटायचं काम रिकिबीनेच करायला हवं. बाहेरच्या बाजूला रबरी कडा असलेल्या, जोर आला की उघडणाऱ्या रिकिबी मागवल्या. रुंदी बुटापेक्षा अडीच सें.मी. जास्त. बूट टाचेचेच, स्पोर्ट्स शूज बंद.

दोन. जमिनीवरून चढणं बंद. विटांचा दोन पायऱ्यांचा कट्टा आबांनी दुसऱ्याच दिवशी रचायचं कबूल केलं. कट्टा नसेल तिथे समोरच्याने दुसऱ्या बाजूची रिकीब खाली दाबून धरायची.

तीन. आणि हे मला स्वतःलाच बजावायचंय: जीन फिरतं म्हणून तंग आणखी आवळायचा नाही. माझा हात त्या संध्याकाळी तिकडेच गेला होता. आवळल्याने गोल पाठ चौकोनी होत नाही, घोडीचा श्वास कोंडतो आणि काखेत जखमा होतात. बाजूने, खळग्याच्या थोडं वर, दोन बोटं सपाट आत गेली पाहिजेत. तीनदा बघायचं: जीन घातल्यावर, पन्नास पावलं चालवल्यावर, आणि बसल्यावर. जीन घालताना आमची बाई छाती फुगवते, हे आता तिघांनाही माहीत आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पक्की शिवण. दोन रविवार काकांच्या शेजारी बसून शिकलो, तरी रिकिबीचा सलग पट्टा त्यांच्याच हातचा. मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा, आरीने तिरकं भोक, दोन सुया समोरासमोरून. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात, हातच्या या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन दोरे जातात, एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. पट्ट्यांच्या टोकांना चौकोन आणि आत फुली. मला तिथे रिव्हेट हवे होते, काका नाही म्हणाले. ज्या पट्टीवर माणसाचं वजन आहे तिला मधोमध मोठं भोक पाडायचंच कशाला? पटलं.

मग माझ्या पद्धतीची परीक्षा. जीन लाकडी ओंडक्यावर बांधून एका रिकिबीला सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या आणि २० किलोची वजनं. तासभर. पट्टा ११ मि.मी. लांबला, उतरवल्यावर ४ मि.मी. तसाच राहिला. टाका एकही हलला नाही. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच वेळ दिला, म्हणजे दोन्ही सारखे ताणून झाले.

एकूण वजन, नमद्यासकट: ७ किलो ९००. शंभर ग्रॅम शिल्लक.

१९ जानेवारी, रविवार

गिरणाऱ्याहून काश्यपी धरणाच्या बाजूला, दीड तास. थंडी कडक, तरी घोडीला घाम आलाच. उतरल्यावर नमदा उचलून घामाचा नकाशा बघितला. कण्यावर कोरडी सरळ रेष, हवी तशी. दोन्ही बाजूंना ओले पट्टे. पण डावीकडे रिकिबीच्या खाली लिंबाएवढा कोरडा ठिपका.

कोरडा ठिपका फसवा असतो. तिथे काहीच टेकत नसेल तरी कोरडं राहतं, आणि दाब इतका असेल की घामच येऊ नये, तरी कोरडं. बोटाने दाबलं, घोडीने कातडी थरथरवली. दाबच आहे. आतला कडक तुकडा त्या बाजूला १ सें.मी. पुढे शिवला गेलाय. उसवून परत लावला, कडा रापीने तासून पातळ केली. लेक डावीकडे जास्त वजन देते हेही निघालं, पण तिला ते सांगण्याची वेळ परीक्षेनंतरची.

२ फेब्रुवारी, रविवार

ठिपका गेला. आज अंजनेरीच्या पायथ्याला नेलं, चढउतारावर. चढावर काही नाही. उतारावर जीन तीन बोटं पुढे आलं. व्ही मांडणी सपाटीला पुरते, उताराला नाही. गोल पाठीच्या, बिनखांद्याच्या घोडीला दुमची लागणारच, हे आबांनी नोव्हेंबरातच सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी दुमची बेतायला घेतली. शेपटीखालचा भाग मऊ कातड्याची नळी करून आत जवस भरायचे, त्यामुळे नळी गोल राहते आणि जवसाच्या तेलाने कातडं मऊ. जिनाच्या मागच्या टोकाला एकच कडी, तीही कण्यावर नाही, दोन पायांच्या पट्टीने दोन्हीकडे वाटून. पहिले आठ दिवस नुसती घालून फिरवायची, स्वाराशिवाय. शेपटीखाली काही लागलं की लाथ येते. आबा स्वतः उभे राहणार म्हणाले, मी जरा लांबून.

९ फेब्रुवारी, रविवार

दुमची पाचव्या दिवशी मान्य झाली. लाथ एकच, बादलीला.

डाव्या रिकिबीचा पट्टा उजवीपेक्षा ६ मि.मी. लांब झालाय. चढताना रोज डावीवरच वजन येतं म्हणून. खालचे पट्टे डावे-उजवे बदलले. दर पंधरवड्याला बदलायचे, कॅलेंडरवर खूण केली.

काकांकडे उसवलेल्या तंगाची उरलेली टोकं राहिलीत, ती आणायची.